मोटारगाडीचा रेडिएटर आणि कूलंट : देखभालीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रास्ताविक :

मोटारगाडीच्या इतिहासाचे लेखन करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने इंजिनाची शक्ती, गाडीचा वेग आणि कारखानदारीचा विस्तार या बाबींकडे गेलेले दिसते. इंजिन ज्या उष्णतेवर चालते तीच उष्णता त्याचा घात करू शकते, ही गोष्ट मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. वस्तुतः पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागाचेच गतीत रूपांतर होते. जवळजवळ तेवढीच उष्णता इंजिनाभोवतीच्या पाण्याला द्यावी लागते आणि उरलेली धुराबरोबर निघून जाते. म्हणजे गाडी चालविण्यासाठी जितके काम होते, तितकीच उष्णता रेडिएटरला निमूटपणे हवेत टाकावी लागते.

प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा इतिहास शोधकर्त्याच्या बाजूने न पाहता, तिच्यात पाणी भरणाऱ्या, ते बदलणाऱ्या आणि तिची गळती थांबविणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या बाजूने पाहिले असता एक बाब प्रकर्षाने लक्षात येते. रेडिएटरशी संबंधित बहुतेक सुधारणा थंड प्रदेशात, तेथील अडचणींतून जन्मल्या आणि त्याच अडचणींची नावे घेऊन आपल्याकडे आल्या. परिणामी ‘हे थंड मुलखासाठी आहे, आपल्याला त्याचे काय काम?’ असा समज महाराष्ट्रातील चालक, मालक आणि मिस्त्री या तिघांतही दीर्घकाळ टिकला. या समजाची किंमत इंजिनांनी मोजली आहे.

बंब आणि इंजिन :

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची रचना मराठी वाचकाला समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात मधोमध विस्तवाची नळी आणि तिच्याभोवती पाणी असते. इंजिनातही सिलिंडरमध्ये आग आणि सभोवती पाण्याचे कवच असते. फरक हेतूचा आहे. बंबात पाणी तापावे म्हणून विस्तव असतो, तर इंजिनात विस्तवाचे भांडे वितळू नये म्हणून पाणी असते. बंब वर्षानुवर्षे वापरला की त्याच्या आतल्या अंगाला क्षारांचे पांढरे पुट बसते, हेही घरोघरी ठाऊक होते. इंजिनाच्या कवचात नेमके तेच घडते.

कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला, तिच्यात आजच्या अर्थाने रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून त्याची वाफ निघून जाई आणि जितके पाणी उडेल तितके पुन्हा भरावे लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ या आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून गेल्या, तो मोटारगाडीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. वाटेत वीस्लोख येथील औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. त्यामानाने वाटेत ठिकठिकाणी थांबून त्यांना गाडीत पाणी भरावे लागले, या गोष्टीचा उल्लेख ओझरता होतो. इंधनासाठी एक थांबा लक्षात राहतो, पाण्याचे अनेक थांबे विसरले जातात. मोटारीच्या देखभालीचा लिखित इतिहास येथूनच असा अर्धवट सुरू होतो.

मधाच्या पोळ्याची जाळी :

पाणी उडवून देण्याऐवजी तेच पाणी थंड करून परत वापरावे, ही कल्पना जुनी होती. परंतु त्यासाठी लागणारे पाइप लांबलचक आणि जड होते. हा प्रश्न डाइम्लर कारखान्यातील विल्हेल्म मायबाख यांनी सोडविला. १८९७ मध्ये त्यांनी बारीक नळ्यांचा रेडिएटर तयार केला आणि १९०० मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेला रेडिएटर सिद्ध केला. एमिल येलिनेक यांच्या आग्रहावरून बनविलेल्या आणि त्यांच्या मुलीच्या नावावरून मर्सिडीझ म्हटल्या गेलेल्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीवर तो बसविण्यात आला. सुमारे ६ मिलिमीटर बाजूच्या आठ हजारांहून अधिक चौकोनी नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या, नळ्यांतून हवा आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी, अशी ती योजना होती. यामुळे गाडीत वाहून न्यावे लागणारे पाणी अठरा लिटरांवरून निम्म्यावर, म्हणजे नऊ लिटरांवर आले. १९०१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत या गाडीने मिळविलेले यश प्रसिद्ध आहे.

एक लहानशी नोंद येथे करावीशी वाटते. ‘रेडिएटर’ हे नावच मुळात फसवे आहे. त्याचा अर्थ प्रारणाने उष्णता देणारा असा होतो. परंतु मोटारीच्या रेडिएटरमधून बरीचशी उष्णता वाहत्या हवेच्या स्पर्शाने, म्हणजे अभिसरणाने, निघून जाते. आपल्या मिस्त्रींनी त्याच्या गाभ्याला ‘जाळी’ म्हटले. शास्त्रीय दृष्ट्याही तो शब्द अधिक प्रामाणिक आहे.

या जाळीतून पाणी फिरवायचे कसे, याबाबत दोन मार्ग होते. एक पंपाचा आणि दुसरा निसर्गाचा. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, थंड झालेले खाली उतरून पुन्हा इंजिनात येते. फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टी गाडीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार नगांना पाण्याचा पंप होता. नंतर हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने तो काढून टाकला आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या या नैसर्गिक अभिसरणावरच चालविल्या. पंप नाही म्हणजे बिघडण्यासारखे काही नाही, असा हा सरळ हिशेब होता. मात्र त्यात एक मेख होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटे आणि अभिसरण थांबे. एका अर्थाने पंपाचे काम कारखान्याने चालकाच्या बादलीवर सोपविले होते. रोज सकाळी झाकण काढून पाणी पाहणे हा गाडी चालविण्याचाच एक भाग झाला आणि ही सवय पुढे पंप असलेल्या गाड्यांतही कायम राहिली.

नावाचा घोळ :

युरोप व उत्तर अमेरिकेत रेडिएटरची खरी कसोटी हिवाळ्यात लागे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि या प्रसरणापुढे ओतीव लोखंडाचाही टिकाव लागत नाही. म्हणून तेथील मालक रात्री रेडिएटर रिकामा करीत आणि सकाळी पुन्हा भरीत. पाण्यात मद्यार्क, ग्लिसरीन, क्षार अशा अनेक गोष्टी मिसळून पाहण्यात आल्या. मद्यार्क लवकर उडून जाई, तर क्षार धातू खात. या सर्वांवर मात केली ती एथिलीन ग्लायकॉल या द्रवाने. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अडॉल्फ व्युर्त्झ यांनी तो १८५६ मध्येच तयार केला होता. पण मोटारीत तो आला १९२० च्या दशकात. अमेरिकेत १९२७ च्या सुमारास ‘प्रेस्टोन’ या नावाने त्याची विक्री सुरू झाली. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते.

हा द्रव ‘अँटिफ्रीझ’, म्हणजे गोठणरोधक, या नावाने जगभर गेला. सर्व अनर्थाचे मूळ या नावात आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण त्याची कामे तीन आहेत. तो पाणी गोठू देत नाही, हे पहिले काम. दुसरे, तो उत्कलनबिंदू वाढवितो. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या दाबाखाली सुमारे १०७ अंश असतो. आणि तिसरे, त्यात घातलेली गंजरोधक द्रव्ये इंजिनातील लोखंड, पितळ, तांबे, ॲल्युमिनियम आणि डाख या सर्व धातूंचे रक्षण करतात. नावाने यांपैकी पहिलेच काम सांगितले. मुंबईत पाणी गोठत नाही, नागपुरात गोठत नाही, महाबळेश्वरला क्वचित दवबिंदू गोठतात. मग पैसे कशाला खर्च करायचे? हा प्रश्न तर्कशुद्धच होता. चुकीची होती ती त्यामागची माहिती.

‘कूलंट’ या नंतरच्या नावाने दुसरा गैरसमज निर्माण केला. हा द्रव पाण्यापेक्षा अधिक थंडावा देतो, असे अनेकांना वाटते. खरे पाहता उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाण्याची बरोबरी तो करू शकत नाही. एक किलो पाणी एका अंशाने तापताना सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता घेते, तर निम्मे मिश्रण साधारण ३.४ किलोज्यूल इतकीच. थंडाव्याच्या बाबतीत आपण थोडे गमावतो आणि टिकाऊपणाच्या बाबतीत पुष्कळ कमावतो, असा हा व्यवहार आहे. नुसते ग्लायकॉल अधिक ओतल्याने गाडी अधिक थंड राहत नाही, उलट तापते.

थर्मोस्टॅटचीही हीच कथा आहे. इंजिन विशिष्ट तापमानाला येईपर्यंत पाण्याची वाट अडविणारी ही झडप अमेरिकेत कॅडिलॅकच्या १९१४ च्या आठ सिलिंडरच्या इंजिनापासून दिसू लागते. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणाची गोळी वितळून फुगते या गुणाचा उपयोग करून तिला आजचे खात्रीलायक रूप दिले. आपल्याकडे मात्र उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची प्रथा कित्येक गॅरेजांत रूढ होती. इंजिन गार असताना तेल नीट पसरत नाही, पेट्रोल जास्त लागते, सिलिंडरची झीज वाढते, या गोष्टी हळूहळू घडतात आणि म्हणून दिसत नाहीत. उकळणारे पाणी मात्र ताबडतोब दिसते. देखभालीच्या इतिहासात दिसणाऱ्या दोषाने न दिसणाऱ्या दोषावर नेहमीच मात केलेली आढळते.

घाट :

महाराष्ट्रात रेडिएटरची परीक्षा घाटात होई. सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १८३० मध्ये, बोरघाटाचा रस्ता खुला झाला तो बैलगाड्या आणि टांग्यांसाठी. पुढे त्याच वाटेवर मोटारी आल्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून स्वातंत्र्यानंतर आधी डॉज व प्लिमथ आणि पुढे फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. ही सर्व वाहने पाण्यावर थंड होणारी होती.

घाटात पाणी का उकळते, याचे उत्तर ‘उंचीमुळे’ असे दिले जाते. ते फारसे बरोबर नाही. खंडाळ्याच्या उंचीवर पाण्याचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम दोन अंशांनी कमी असतो. खरे कारण चढाच्या कामात आहे. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर वर चढविण्यास सुमारे ५९ लाख ज्यूल काम करावे लागते. इंजिनाची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली तर त्यासाठी सुमारे २३५ लाख ज्यूल उष्णतेचे इंधन जाळावे लागेल आणि त्यातील एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ ७८ लाख ज्यूल, पाण्यात जाईल. रेडिएटरने काहीच केले नाही असे क्षणभर मानले, तर एवढ्या उष्णतेने सुमारे साडेतीन लिटर उकळत्या पाण्याची वाफ होईल. प्रत्यक्षात रेडिएटर यातील मोठा भाग हवेत टाकतो. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत असताना समोरून येणारी हवा नेमकी तेव्हाच कमी झालेली असते. म्हणूनच पाण्याचा डबा बरोबर घेतल्याशिवाय घाट चढू नये, हा जुन्या चालकांचा दंडक होता. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, वाफेचा लोट आणि बाजूला उतरलेले प्रवासी हे दृश्य एका संपूर्ण पिढीच्या परिचयाचे आहे.

डब्यात पाणी कोठले असे? जे मिळेल ते. विहिरीचे, ओढ्याचे, पुढे कूपनलिकेचे. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी भूजल जड आहे. त्यातील कॅल्शियमचे विरघळलेले बायकार्बोनेट तापल्यावर न विरघळणारे कार्बोनेट होऊन बसते. बंबातले ते पांढरे पुट हेच. ओतीव लोखंडाच्या कवचातील गंज आणि हे क्षार मिळून जाळीच्या नळ्या बुजत. त्यामुळे गाडी अधिक तापे, पाणी अधिक लागे आणि भरलेल्या प्रत्येक डब्याबरोबर नवे क्षार आत जात. उपायच रोगाला खतपाणी घालीत होता. बारीक गळतीवर पाण्यात चमचाभर हळद टाकण्याचा तोडगाही याच परंपरेतला. हळदीचे कण छिद्रात जाऊन बसतात हे खरे. परंतु ते छिद्र आणि नळी यांत भेद करीत नाहीत.

असे असूनही ही व्यवस्था चालली, कारण तिच्यामागे दुरुस्तीची एक समर्थ कला होती. तांबे-पितळेचा रेडिएटर वरची टाकी उपसून उघडता येई, नळ्यांतून लोखंडी सळ्या फिरवून क्षार काढता येत, फुटलेल्या नळीला डाख देता येई आणि अगदीच निरुपाय झाला तर जुन्या टाक्यांत नवी जाळी बसविता येई. पाण्याच्या हौदात रेडिएटर बुडवून, आत हवा भरून, बुडबुडे कोठून येतात ते पाहणारा कारागीर जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळे. त्याच्या कौशल्याची नोंद कोणत्याही तंत्रविषयक इतिहासात नाही, ही खेदाची बाब आहे.

दाब आणि झाकण :

रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग बसवून आतील दाब वाढविण्याची पद्धत १९३० च्या दशकापासून रुजली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र झाली. वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ बार अधिक दाब ठेवला तर पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटर लहान करता आला, पाणी उडणे थांबले. मात्र रोज झाकण काढून पाणी पाहण्याची जुनी सवय आता धोकादायक झाली. ११८ अंशांवरील पाण्यावरचा दाब एकाएकी निघाला तर ते १०० अंशांपर्यंत येताना त्यातील सुमारे तीन टक्के पाण्याची क्षणार्धात वाफ होते. तीन टक्के हा आकडा किरकोळ वाटेल. पण एका लिटरमागे ती ५० लिटरांहून अधिक वाफ असते आणि तिच्याबरोबर उकळते पाणी चेहऱ्यावर, हातांवर येते. झाकण बदलले, हात मात्र जुन्याच सवयीचे राहिले.

पुढची पायरी म्हणजे बंद व्यवस्था. १९६१ च्या रेनो ४ या फ्रेंच गाडीत तापून फुगलेला द्रव वेगळ्या टाकीत जाऊन गार झाल्यावर परत येईल अशी सोय करून, नेहमी पाणी भरण्याची गरजच काढून टाकण्यात आली. आपल्याकडे ही पद्धत १९८३ मध्ये मारुती आल्यानंतर मध्यमवर्गाच्या परिचयाची होत गेली. पाणी रोज पाहायचे नाही, हे नव्या मालकांनी चटकन स्वीकारले. कूलंट काही वर्षांनी बदलायचा असतो, हे स्वीकारायला फार वेळ लागला. ग्लायकॉल जुने होताना त्याचे हळूहळू आम्लात रूपांतर होते आणि गंजरोधक द्रव्ये खर्ची पडतात. रंग मात्र तसाच हिरवा दिसत राहतो. सिलिकेटयुक्त जुन्या प्रकारच्या कूलंटचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असते. १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या सेंद्रिय आम्लाच्या प्रकाराचे पाच वर्षांपर्यंत. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, कारण रंगाचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. दोन वेगळे प्रकार एकत्र केल्यास गंजरोधक द्रव्ये निकामी होऊ शकतात व काही वेळा गाळही धरतो.

हे काम स्वतः अवघड नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण काढणे, खालच्या तोटीतून जुना द्रव भांड्यात घेणे, स्वच्छ पाणी येईपर्यंत व्यवस्था धुणे, मग उत्पादकाने सांगितलेला कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मा मिसळून सावकाश भरणे आणि इंजिन चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत अडकलेली हवा निघू देणे, एवढेच ते आहे. हवा अडकून राहिली तर टाकी भरलेली दिसते आणि इंजिनाचा माथा कोरडा तापतो. रेडिएटरच बदलावा लागला तर जुने होजपाइप आणि झाकणही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते. काढलेला द्रव गटारात किंवा उघड्यावर ओतू नये. तो चवीला गोड आणि विषारी असतो; कुत्री-मांजरे तो चाटून मरतात.

ॲल्युमिनियमचे आगमन :

१९७० च्या दशकापासून युरोपात ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या जोडलेले रेडिएटर प्रचारात आले. ते हलके आणि स्वस्त होते. इंजिनाचा माथाही ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा होऊ लागला. ज्या तिसऱ्या कामाकडे अर्धशतक कोणी लक्ष दिले नव्हते, ते आता सर्वांत महत्त्वाचे ठरले. लोखंडाच्या इंजिनाने जड पाणी आणि गंज कुरकुरत सहन केला होता. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्यांना क्षारयुक्त पाण्याने बारीक छिद्रे पडतात आणि तापलेला ॲल्युमिनियमचा माथा वाकला की गॅस्केट उडते. नळाचे पाणी भरण्याची जुनी, काटकसरीची म्हणून प्रतिष्ठा पावलेली सवय नव्या गाडीत सर्वांत महागडी ठरली.

डाख देणाऱ्या कारागिराचेही काम येथेच संपत आले. भट्टीत सांधलेली ॲल्युमिनियमची जाळी त्याच्या हत्यारांना दाद देत नाही आणि तडकलेली प्लॅस्टिकची टाकी जोडण्यापेक्षा अख्खा रेडिएटर नवा घालणे स्वस्त पडते. प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर होत्या तोवर या कारागिरांना तेथे काम मिळत राहिले. २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

विजेच्या वाहनांमुळे रेडिएटर नाहीसा होईल अशी एक समजूत आहे. मोठ्या विद्युत वाहनांत बॅटरी, मोटर आणि विद्युत नियंत्रक यांची उष्णता आजही बहुधा ग्लायकॉल व पाणी यांच्या मिश्रणानेच काढली जाते आणि शेवटी ती जाळीतूनच हवेत सोडावी लागते. बॅटरीला तर थंडीत उबही द्यावी लागते. १ जून २०२२ रोजी राज्य परिवहनाची पहिली विजेवरची ‘शिवाई’ बस १९४८ च्याच पुणे-अहमदनगर मार्गावर सोडण्यात आली. अशा वाहनातील द्रवाची पातळी, प्रकार आणि बदलण्याची मुदत पाहणे हे आता आगारातील प्रशिक्षित तंत्रज्ञाचे काम असून, चालकाजवळ पाण्याचा डबा ठेवण्याचे कारण उरलेले नाही.